जर्बिलच्या नाकावरचा लाल डाग

जर्बिलच्या नाकपुड्यांभोवती लालसर काही दिसलं की घरातल्या माणसाच्या मनात आधी रक्तच येतं. भांडण झालं असेल, नाक कशावर तरी आपटलं असेल, नाहीतर आतच काही फुटलं असेल. बहुतेक वेळा ते रक्त नसतं. तो एका ग्रंथीचा स्राव असतो, आणि ती ग्रंथी नाकात नाही, डोळ्यामागे असते. एवढं कळलं की बाकीचं उलगडायला लागतं: स्राव नाकाशी का साठतो, त्याखालची कातडी का सोलवटते, जंतू तिथे कधी शिरतात आणि नुसतं मलम लावून हा त्रास का जात नाही.

आधी प्राणी कोणता ते सांगायला हवं, कारण भारतातल्या घरांत दिसतो तो बहुधा हॅमस्टर. जर्बिल त्याहून सडपातळ. शेपूट लांब, टोकाशी झुपकेदार, आणि सवय मागच्या पायांवर उभं राहून आजूबाजूला टेहळणी करायची. पाळला जातो तो मंगोलियन जर्बिल. १८६६ साली आर्मां दाव्हिद या फ्रेंच धर्मप्रचारकाने त्याचे नमुने चीनमधून पॅरिसला पाठवले आणि पुढच्याच वर्षी त्याला शास्त्रीय नाव मिळालं. १९३५ मध्ये जपानी संशोधकांनी अमूर नदीच्या खोऱ्यातून वीस जोड्या पकडून नेल्या. त्यांच्या वंशातल्या काही जोड्या १९५४ साली व्हिक्टर श्वेन्टकर यांनी अमेरिकेत आणल्या, तिथून दहा वर्षांनी त्या ब्रिटनला पोचल्या. म्हणजे आज लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या एखाद्या मराठी घरात मुलांच्या हट्टापायी आलेली जर्बिलची जोडीसुद्धा त्या मूठभर प्राण्यांचीच पतवंडं. (कॅलिफोर्नियात मात्र ती पाळायला बंदी आहे. निसटली तर तिथल्या कोरड्या हवेत ती रानात सहज तग धरतील, ही त्यामागची भीती.) महाराष्ट्राच्या शेतांत बिळं करून राहणारा भारतीय जर्बिल हा वेगळ्या प्रजातीचा, तो पाळायचा प्राणी नव्हे.

या इतिहासात नाकाच्या दृष्टीने एकच गोष्ट महत्त्वाची. हा कोरड्या गवताळ प्रदेशातला, बिळात राहणारा प्राणी आहे. तिथे पाऊस बेताचा, हिवाळा उणे तीस-चाळीस अंशांपर्यंत जाणारा, जमीन भुसभुशीत आणि वाळूमिश्रित. त्याचं शरीर त्या हवेसाठी घडलंय. दिवसाला काही मिलिलिटर पाण्यावर त्याचं भागतं, लघवी मोजून थेंबभर होते. आणि डोळ्यामागची ती ग्रंथीही त्याच हवेसाठी आहे.

तिचं नाव हार्डेरियन ग्रंथी. योहान याकोब हार्डर या स्विस शरीरशास्त्रज्ञाने १६९४ साली हरणाच्या डोळ्यात ती पहिल्यांदा नोंदवली. प्रौढ माणसाला ही ग्रंथी नसते, म्हणून आपल्याला तिची कल्पनाही नसते. जर्बिलमध्ये ती नेत्रगोलाच्या मागे, खोबणीत चांगली जागा व्यापून बसलेली असते. तिच्यातून दोन मुख्य गोष्टी पाझरतात: एक तेलकट पदार्थ आणि एक तांबूस रंगद्रव्य. हे रंगद्रव्य पॉर्फिरिन या गटातलं. रक्ताला लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनच्या गाभ्यातही याच गटातला रेणू असतो, त्यामुळे पाहणारा फसला तर त्यात नवल नाही. पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांतून आजारपणात येणारे ‘लाल अश्रू’ म्हणजेही हेच द्रव्य.

स्राव डोळ्यात उतरतो, पापण्यांच्या उघडझापीने पसरतो आणि अश्रुनलिकेतून नाकात येऊन नाकपुडीशी बाहेर पडतो. आपण रडलो की नाक वाहतं, ती वाट हीच. तिथे जर्बिलचं पुढचं काम सुरू होतं. तो पुढचे दोन्ही पंजे तोंडाशी नेतो, स्राव लाळेत मिसळतो आणि आधी चेहऱ्याला, मग कानामागे, मग पाठीपोटाला फासतो. दिवसातून कितीतरी वेळा हे चालतं. टेक्सास विद्यापीठातले डेल थीसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७०-८०च्या दशकांत यावर बरंच काम केलं. त्यातून दिसलं की हा लेप अंगाची ऊब राखतो: तेलामुळे केस ओलाव्यापासून आणि थंडीपासून वाचतात, आणि रंगद्रव्यामुळे केस किंचित गडद होऊन उन्हाची उष्णता जास्त शोषतात. ऊन तापलं, लेप जड झाला की जर्बिल वाळूत लोळतो आणि जादा तेल झाडून टाकतो. लावायचं आणि झाडायचं, हा हिशेब मंगोलियात आपोआप जुळतो. काचेच्या टाकीत तो बिघडतो.

बिघाडाची पहिली खूण म्हणजे नाकपुडीच्या कडेला लालसर-तपकिरी पापुद्रा. ते रक्त की स्राव हे तपासायचं असेल तर कापसाची काडी कोमट पाण्यात भिजवून, पिळून, पापुद्र्यावरून अलगद फिरवावी. मग ती काडी अंधाऱ्या खोलीत नेऊन तिच्यावर नोटा तपासायला वापरतात तसली जांभळ्या प्रकाशाची अतिनील बॅटरी मारावी. पॉर्फिरिन असेल तर डाग गुलाबी-लाल चमकतो. रक्त चमकत नाही, काळपटच दिसतं. कापूस स्वतः निळसर चमकू शकतो, त्याने गोंधळू नये; लाल झाक शोधायची. बॅटरी प्राण्याच्या तोंडावर मारू नये, डोळ्यांना ती वाईट, म्हणून तर काडी दुसऱ्या खोलीत न्यायची. ही चाचणी डॉक्टरांच्या निदानाची जागा घेत नाही, पण रात्री अकरा वाजता घरातला घाबरलेला माणूस तिने शांत होतो, आणि मला हा फायदा लहान वाटत नाही.

स्राव नाकाशी साठून राहिला की तो कातडीला झोंबतो. जर्बिलला खाज येते, तो पंजाने नाक चोळतो, केस तुटतात, कातडी उघडी पडते. पशुवैद्य याला नाकाचा त्वचादाह म्हणतात, पाळणारे नुसतं ‘सोअर नोज’ म्हणतात. दोष खरोखर या स्रावाचाच आहे का, हे १९८०च्या दशकात अमेरिकेत तपासलं गेलं. शस्त्रक्रियेने ही ग्रंथी काढून टाकलेल्या जर्बिलना नाकाच्या जखमा होईनात. ग्रंथी शाबूत असलेल्या आणि अंग साफ करू न दिलेल्या जर्बिलना त्या झाल्या. घरच्या जर्बिलची ग्रंथी काढायला कुणी जात नाही, जाऊही नये. पण या प्रयोगांनी शोधाची दिशा ठरवून दिली. दोनच गोष्टी पाहायच्या: स्राव जास्त का येतोय, किंवा आलेला स्राव नीट पसरून झाडला का जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हवेत सापडतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर राहिली की जर्बिलचे केस एकमेकांपासून सुटून उभे राहतात, अंग तेलकट, विस्कटलेलं दिसतं. लेप वाळत नाही आणि झाडलाही जात नाही. इथे एक चकवा आहे. भिंतीवरचा आर्द्रतामापक पंचेचाळीस दाखवतो म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण जर्बिल राहतो टाकीत. काचेच्या चार भिंती, वर जेमतेम भोकं असलेलं झाकण, आत दोन जिवांचे श्वास आणि पाण्याच्या बाटलीची ठिबकणारी नळी. त्या टाकीतली हवा खोलीपेक्षा दमट असणारच. मापक टाकीच्या आत, भुशाच्या वरच्या थराशी ठेवून पाहावा. झाकण जाळीचं करावं. बाटलीखालचा भुसा रोज बोट घालून बघावा. ओला लागला तर काढून टाकावा आणि नळीचा वायसर बदलावा. टाकी स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराला लागून असेल तर हलवावी.

मुंबईत किंवा कोकणपट्टीत कुणी जर्बिल पाळायचं म्हणत असेल तर पावसाळ्याचा विचार आधी करावा. जुलैत तिथली आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर सहज राहते. ओलावा शोषणारं यंत्र किंवा वातानुकूलन चार महिने चालवायची तयारी नसेल, तर हा प्राणी तिथे न आणलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. विदर्भातला कोरडेपणा त्याला मानवेल, पण तिथलं मे महिन्यातलं चाळीस-पंचेचाळीस अंशांचं ऊन नाही. बिळात शिरून ते टाळण्याची सोय त्याला टाकीत नसते.

स्राव जास्त का येतो, याचं उत्तर ताणात आहे. जागा कमी पडणं, जोडीत बेबनाव, मोठे आवाज, मांजराचं टाकीवर येऊन बसणं, वारंवार उचललं जाणं, असं काहीही. घरात मुलं असली की शेवटचं कारण आधी तपासावं. आणि एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: अती साफसफाई. जर्बिलची लघवी इतकी कमी की टाकीला वास येता येत नाही, तरी काही घरांत दर रविवारी सगळा भुसा उपसून टाकी धुतली जाते. त्याबरोबर आठवडाभर खणलेली बिळं जातात, घरट्याचा ओळखीचा वास जातो. प्राण्याला दर आठवड्याला परक्या मुलखात सोडल्यासारखं होतं. त्यापेक्षा ओला आणि घाण झालेला कोपरा तेवढा काढावा. मोठी सफाई काही आठवड्यांनी एकदा, तीही एकतृतीयांश जुना भुसा परत घालून.

आता घासलं जाण्याकडे येऊ, कारण नाकाच्या बऱ्याच जखमांत स्रावाच्या जोडीला हेही असतं. कित्येकदा सुरुवात इथूनच होते. तारेच्या पिंजऱ्यात जर्बिल गज चावत बसतो. एकच गज, तीच जागा, तासन्‌तास. दात गजावर आणि नाकाचा शेंडा वरच्या आडव्या तारेवर. काचेच्या टाकीत गज नसतात, तर तो कोपरा खणतो. काच खणली जात नाही, पण पंजे आणि नाक चालूच राहतात. बघणाऱ्याला वाटतं, याला खणायला माती नाही म्हणून हे चाललंय. ज्युरिकमध्ये क्रिस्टोफ वीडनमायर यांनी नेमकं हेच तपासलं, १९९७ साली ते प्रसिद्ध झालं. पिल्लांच्या एका गटाला खणायला कोरडी वाळू दिली, पण त्या वाळूत बीळ टिकत नव्हतं. ती पिल्लं मोठेपणी कोपरा खणू लागलीच. दुसऱ्या गटाला खणायला काही नव्हतं, पण बोगद्यातून जाऊन पोचायची एक तयार अंधारी खोली होती. त्यांना ती खोड लागली नाही. जर्बिलला खणण्याची क्रिया नकोय, त्याला बीळ हवंय. बीळ मिळालं की खणणं थांबतं.

यावरून भुशाचा थर किती आणि कशाचा, ते ठरतं. दोन इंच भुसा पसरून काही होत नाही. वीस सेंटीमीटर हा तळ समजावा, तीस-चाळीस मिळाले तर उत्तम, आणि त्यात बीळ टिकलं पाहिजे. निव्वळ भुसा ढासळतो. कागदी लगद्याचं मऊ अंथरूण, त्यात अस्पेन लाकडाचा भुसा आणि मधूनमधून मऊ वाळलेल्या गवताचे थर दाबून घातले की बोगदा उभा राहतो. वर लाकडाची पेटी आणि पुठ्ठ्याच्या नळ्या. पुठ्ठा कुरतडायलाही चालतो, आणि गजाची सवय लागलेल्या जर्बिलला कुरतडायला काहीतरी हवंच असतं. पेटीच्या दाराची कड खरबरीत असेल तर कानशीने घासून घ्यावी. जर्बिल त्या दारातून दिवसातून शंभरदा नाक घासत जातो. प्लॅस्टिकचं घर कुरतडलं की कडा दातेरी होतात आणि नाकाचा शेंडा सोलवटायला तेवढ्या पुरतात. पिंजरा तारेचा असेल तर माझा सल्ला सरळ आहे: टाकी घ्या. गजांवर कडू फवारा मारून वगैरे ही खोड जात नाही.

अंथरुणाबद्दल आणखी एक. सीडरचा भुसा स्वस्त असतो, वासही छान येतो, आणि अडचण त्या वासातच आहे. त्यातली उडनशील तेलं नाकाच्या अस्तराला झोंबतात. सीडरच्या अंथरुणावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात औषधं मोडणारी वितंचकं वाढतात हे १९६०च्या दशकातच लक्षात आलं होतं, आणि तेव्हापासून प्रयोगशाळा त्याबाबतीत सावध झाल्या. पाइनचा भुसा भट्टीत चांगला वाळवलेला असेल तर चालतो असं काही जण म्हणतात. नाक आधीच बिघडलेलं असताना तो वाद मिटायची वाट कशाला पाहा? कोणताही भुसा टाकीत ओतण्यापूर्वी चाळून घ्यावा; पिशवीच्या तळाशी जी पिठासारखी धूळ उरते ती टाकून द्यावी.

वाळूचं स्नान हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. उलटणार नाही असं एक जड भांडं, चिनी मातीचं किंवा काचेचं, त्यात दोन-तीन सेंटीमीटर वाळू. दुकानात चिंचिलासाठी वाळू मिळते ती चालते, पण डबा उघडून हात घालून बघा. बोटांवर पांढरी पावडर राहिली तर ती धूळ आहे, वाळू नव्हे. ती नाकात जाते आणि दुखणं वाढवते. गोल, गुळगुळीत, बारीक दाण्याची वाळू हवी. बांधकामाची वाळू धारदार असते, ती नको. मांजराच्या विधीची खडी किंवा चुन्याची रंगीत वाळू तर नकोच. जर्बिल त्यात लोळतो, कुशी बदलतो, क्षणभर पाठ घासतो आणि बाहेर येऊन अंग झटकतो. दोन-चार दिवसांत केसांची तेलकटी गेलेली दिसते. काही जर्बिल त्या भांड्याचा संडास करतात, म्हणून वाळू रोज चाळावी आणि वरचेवर बदलावी. जखम ओली असेल तर ती सुकायला लागेपर्यंत भांडं बाहेर ठेवलेलं मला बरं वाटतं, कारण दाणे ओल्या जागी चिकटतात. पण हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

इथपर्यंतचं सगळं घरातल्या घरात होतं, आणि नुसता लाल पापुद्रा किंवा केस गेलेला छोटा ठिपका असेल तर बऱ्याचदा एवढ्याने भागतं. पण सोललेल्या कातडीवर जंतू बसले की खेळ बदलतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्टॅफिलोकॉकस झायलोसस हे नेहमीचे. ते एरवीही कातडीवर असतात, वाट फुटली की आत उतरतात. मग जागा ओलसर होते, पिवळट खपली धरते, कडेने केस जात राहतात. आणि ज्या पंजांनी जर्बिल नाक चोळतो त्यांनीच तो बाकीचं अंग पुसतो, त्यामुळे चट्टे डोळ्यांभोवती, पुढच्या पायांवर, कधी पोटावर उमटतात. नाक सुजलं तर खाणं सुटतं. शिवाय कुरतडणारे प्राणी श्वास नाकानेच घेतात, तोंडाने श्वास घेणं त्यांना जवळजवळ जमत नाही. दोन्ही नाकपुड्या खपलीने बुजल्या तर तो श्वासाचाच प्रश्न होतो.

म्हणून डॉक्टरांकडे कधी जायचं हे पक्कं ठरवून ठेवावं: ओल, पू, पिवळी खपली, सूज, चट्टा वाढत जाणं, शिंका थांबेनाशा होणं, श्वासाला टकटक किंवा घरघर असा आवाज येणं, यातलं काहीही दिसलं की. आणि वजन. प्रौढ जर्बिल साधारण सत्तर ते शंभर ग्रॅमचा असतो, नर थोडा जड. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाडगा ठेवून आठवड्यातून एकदा वजन करावं, वहीत लिहावं. ऐंशी ग्रॅमच्या प्राण्याचे आठ ग्रॅम गेले तर एक दशांश अंग गेलं. डोळ्यांना ते कळत नाही, काट्याला कळतं.

डॉक्टर लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले हवेत. कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालेलच असं नाही, आणि यामागे औषधांचं कारण आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्या भावंडांना जर्बिल विलक्षण नाजूक असतात. हे औषध चेतातंतू आणि स्नायू यांच्यामधला संदेश अडवतं, प्राणी लुळा पडतो आणि श्वास थांबतो. सुई दिल्यानंतर थोड्याच वेळात मेल्याची उदाहरणं प्रयोगशाळांच्या नोंदींत आहेत. पेनिसिलिन, अॅम्पिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जुलाबाने प्राणी जातो. लहान कुरतडणाऱ्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी औषधं जास्त वापरात आहेत. मात्रा वजनावर, आणि ती ठरवायची डॉक्टरांनी. घरातली उरलेली माणसांची गोळी चूर्ण करून पाण्यात टाकणं हा तर दुहेरी घोटाळा: औषध चुकीचं, आणि दिवसाला चार-पाच मिलिलिटर पिणाऱ्या प्राण्याच्या पोटात त्यातलं किती जाणार हेही कळत नाही.

घरचे उपाय करायला आपला हात शिवशिवतो, हे खरं. हळद, खोबरेल तेल, बोरिक पावडर, काहीच नाही तर बाळाचं मलम. जर्बिलच्या नाकावर जे लावाल ते तो पुढच्या अर्ध्या मिनिटात पंजाने पुसून चाटणार. म्हणजे ते लावणं नाही, पाजणं झालं. स्टेरॉइड किंवा झिंक असलेली मलमं, टी ट्री तेल, कडक जंतुनाशकं या कारणाने कटाक्षाने टाळावीत. तेलाने आणखी एक होतं: आधीच तेलकट झालेल्या केसांत भर पडते आणि भुसा चिकटतो. करण्यासारखं एकच. औषधाच्या दुकानात मिळणारं निर्जंतुक सलाईन कोमट करून, त्यात कापसाची काडी भिजवून खपली भिजवावी. सुटेल तेवढं सुटू द्यावं, ओढू नये. नखाने तर नाहीच. दिवसातून दोनदा पुरे. प्राणी फार धडपडत असेल तर एकदाच, कारण धरण्याचा ताणही ग्रंथीला तेच करायला लावतो जे आपल्याला थांबवायचंय.

धरायचं कसं, तेही सांगतो. दोन्ही हातांची ओंजळ करून, नाहीतर मऊ टॉवेलात गुंडाळून तोंड तेवढं बाहेर ठेवून. शेपटीच्या टोकाला हात लावायचा नाही. तिथली कातडी मोज्यासारखी सुटून येते आणि आतलं हाड उघडं पडतं, ती शेपटी पुन्हा भरत नाही. काही जर्बिल घाबरले की ताठ होतात, कान मागे जातात, अंग थरथरतं. ती फिट असते. वीस ते चाळीस टक्के जर्बिलमध्ये वयाच्या दुसऱ्या महिन्यापासून ही प्रवृत्ती दिसते, म्हणून घाबरून जाऊ नये. टाकीत ठेवावं, दिवा मालवावा, तोंडात काही घालू नये. मिनिटाभरात ते सावरतात.

डॉक्टरांकडे नेताना जोडीदारालाही त्याच डब्यात न्यावं. हे विचित्र वाटतं, पण जर्बिल एकमेकांना वासाने ओळखतात. एक जण दवाखान्याचा वास घेऊन एकटा परतला किंवा काही दिवस वेगळा राहिला, तर दुसरा त्याला परका समजून हल्ला करतो, आणि ही भांडणं जिवावर जातात. एकदा तुटलेली जोडी परत जुळवायला टाकीच्या मध्ये जाळी घालून, दिवसातून अनेकदा बाजू बदलत, आठवडा-दोन आठवडे खपावं लागतं. जखमी जर्बिलला ‘आराम मिळावा’ म्हणून वेगळं काढणं हे नाकापेक्षा मोठं दुखणं ओढवून घेणं आहे. अपवाद एकच: जोडीदारच चावत असेल तर. पण चाव्याच्या जखमा बहुधा ढुंगणावर आणि शेपटीच्या बुडाशी असतात, नुसत्या नाकावर क्वचित.

घर सुधारलं, औषध लागू पडलं की ओल काही दिवसांत थांबते, खपली आपण होऊन गळते आणि दोन-तीन आठवड्यांत केसांची लव दिसू लागते. जखम खोल गेली असेल तर त्या जागी कधीकधी पांढरे केस येतात. ते तसेच राहतात आणि त्यांनी काही बिघडत नाही. सगळं करूनही चट्टा तसाच राहिला तर डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली डेमोडेक्स किडे किंवा बुरशी पाहतात, जखमेतला नमुना जंतुपरीक्षेला पाठवतात. आणि दुखणं पुन्हा पुन्हा एकाच नाकपुडीशी येत असेल, दुसरी स्वच्छ असेल, तर हवा आणि वाळू यांच्यावर आणखी वेळ घालवू नये. हवा आणि ताण दोन्ही बाजूंना सारखेच लागतात. अशा वेळी वरच्या दाताचं मूळ वाढलंय का, आत गाठ आहे का किंवा गवताची काडी अडकलीय का, हे तोंड उघडून आणि क्ष-किरण काढून बघावं लागतं. जर्बिलचं आयुष्य तीन-चार वर्षांचं, तेव्हा दोन वर्षं उलटलेल्या जर्बिलच्या बाबतीत ही तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू नये.